मोबाईलवरून गाडी चालू करायची, तर पडते केवढ्याला?

मळ्यातल्या विहिरीची मोटार मोबाईलवरून चालू करणं आता जुनं झालं. याच कामासाठी पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्राने 2009 मध्ये नोकियाचं बक्षीसही मिळवलं. म्हणून शोरूममधला पोरगा ॲपवरून कारचा एसी लावून दाखवू लागला, तर भारावून न जाता विचारा: फुकट किती वर्षं, आणि पुढे रिचार्ज किती?

2019 मध्ये वेन्यू आणि हेक्टर या गाड्या आल्या, तेव्हापासून ही सोय आपल्या बजेटात आली. वेन्यूचं ‘ब्लूलिंक’ ॲप पहिली 3 वर्षं मोफत होतं. मुदत संपली की नूतनीकरण, वर 18 टक्के जीएसटी. घासाघीस गाडी घेतानाच करा. नंतर कोणी ऐकत नाही.

ॲपमधला हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून गाडीतल्या सिमवर. हे सिम कंपनीचं. रेंज नाही म्हणून आपण बदलू शकत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी थेट मळ्यात मागवा, आणि जिथे रोज उभी राहणार तिथेच ॲपवरून लॉक उघडून बघा. बसण्याआधी 10 मिनिटं एसी लावलात तर 10 ते 20 रुपयांचं पेट्रोल जातं. बंद शेडमध्ये मात्र इंजिन असं चालू करू नका. धुराने जीव जातो.

चार-पाच गाड्या असणाऱ्याला स्वतःचं सॉफ्टवेअर जोडावंसं वाटतं. टेस्लाने त्याचे दर उघड केलेत: 1 डॉलरला 1000 हुकूम, पण झोपलेली गाडी जागी करायची तर 1 डॉलरला फक्त 50 वेळा. म्हणजे हुकमाच्या वीसपट! आपल्याकडे कोणी स्वस्तात जोडून देतो म्हणत तुमच्या ॲपचा पासवर्ड मागत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. गाडीची किल्लीच ती.

सगळ्यात जास्त जपायचं ते जुनी गाडी घेताना. आरसी नावावर झाली तरी ॲपमध्ये आधीचा मालक राहू शकतो; गाडी कुठे आहे हे त्याला दिसतं, दारंही उघडता येतात. पूर्ण पैसे देण्याआधी त्याच्याच फोनवरून त्याचं खातं काढायला लावा, आणि आपल्या फोनवरून एकदा हॉर्न वाजवून खात्री करा.