डबा मे महिन्यातच भरायचा

बाय, शाळेचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं असं कॅलेंडर म्हणतं. आपल्या नायगावात ते आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला घेतली की सुरू होतं. १ जूनला यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. पोरांची नवी दप्तरं आली की घरातलं ताजं म्हावरं गेलं म्हणून समज. खाडीतलं थोडंफार मिळतं, पण त्याचा भाव ऐकूनच पोट भरतं. त्यात तुझी सकाळची गाडी. विरारहून निघालेली लोकल नायगावला येईपर्यंत दारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तू गर्दीच्या आधीची धरतेस. अशा बाईने पहाटे पाच वाजता ‘आज डब्याला काय?’ म्हणून फ्रिजसमोर उभं राहू नये. त्यातला निम्मा प्रश्न मेमध्ये सोडवायचा, निम्मा आदल्या रात्री.

आगोटीचं आधी. सुकट, सोडे, बोंबील हे सुकवून झाल्यावर लगेच घेतलेले बरे. हातात घेतल्यावर बोंबील मोडला पाहिजे, वाकला तर तो अजून ओला आहे, घेऊ नकोस. घरी आणलं की पुन्हा दोन कडक उन्हं दे, पूर्ण गार होऊ दे आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भर. गरम भरलंस तर आत घाम सुटतो आणि श्रावणाच्या आत बुरशी. वाल, तूर, मूग यांना एरंडेल चोळून ठेव. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल. बोरिक पावडर पूर्वी बायका सर्रास लावायच्या, पोरांच्या घरात ती नको.

सुकट स्वस्त म्हणून हलकी समजू नकोस. ती कवचासकट पोटात जाते, त्यामुळे तिच्यातलं कॅल्शियम पोरांच्या हाडांना मिळतं. फक्त मीठ फार असतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजव, ते पाणी ओतून दे, आणखी एकदा धू, आणि कालवणात वरून मीठ चव बघितल्याशिवाय टाकू नको. हे सगळं रात्रीच्या जेवणाला. डब्यात सुकं म्हावरं देऊ नये. काही शाळांत मांसाहार चालत नाही, आणि जिथे चालतो तिथेही बंद वर्गात डबा उघडल्यावर पोराची फजिती होते. मला हे पटत नाही, आपल्या अन्नाची लाज कसली. पण ती लढाई सात वर्षांच्या मुलाच्या डब्यातून लढायची नसते.

आता डबा. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना दुपारचं जेवण मिळतं ना, त्याचा सरकारी हिशोब मला फार उपयोगी वाटतो. ही देशभरातली योजना १९९५ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली, २०२१ पासून तिला पीएम पोषण म्हणतात. पाचवीपर्यंतच्या मुलाला त्या एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. आपली पोरं खाजगी शाळेत जातात म्हणून त्यांच्या पोटाचा हिशोब वेगळा होत नाही. तूप लावलेल्या दोन मध्यम चपात्या, एक उकडलेलं अंडं आणि एक केळं, एवढ्यात धाकट्याच्या वयाच्या पोराच्या एका जेवणाचं गणित जवळपास जमतं. अंड्याचा वार नसेल तेव्हा मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, चण्याची सुकी भाजी. थोरली आता सातवीत आहे, तिला धाकट्याएवढाच डबा देऊन ‘ही घरी आल्यावर चिडचिड का करते?’ असं मला विचारू नकोस.

आणि दोघांची वेळ वेगळी, हे लक्षात ठेव. थोरलीची सकाळची शाळा. साडेसहाला तिच्या घशाखाली काही उतरत नाही, तर जबरदस्ती करू नये. एक कप दूध आणि एक केळं पुरे; खरी न्याहारी तिच्या डब्यात जायला हवी, छोट्या सुट्टीत तिला भूक लागलेलीच असते. धाकट्याची दुपारची शाळा. त्याला अकरा-साडेअकराला भात, वरण, भाजी असं पूर्ण जेवण घालायचं आणि डबा हलका द्यायचा. बायका नेमकं उलटं करतात, दुपारच्या पोराला बिस्किटांवर पाठवतात आणि डबा ठेचून भरतात, तो अर्धा परत येतो. चहा तर दोघांनाही नको. पालेभाजीतलं, नाचणीतलं लोह चहामुळे अंगी कमी लागतं. उलट लिंबू पिळलंस तर जास्त लागतं, म्हणून उसळीवर लिंबाची फोड द्यायला विसरू नको.

भाकरी तांदळाची, ती आपल्याला सुटायची नाही. पण पिठात एक तृतीयांश नाचणी घाल. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात दहाच्या आसपास. पोरं ‘काळी भाकरी’ म्हणून नाक मुरडतील, तर सुरुवातीला मूठभरच मिसळ आणि बोलू नकोस. डब्यात भाकरी द्यायची असेल तर उकड काढून केलेली दे, नाहीतर दुपारपर्यंत तिचा पापड होतो. त्यापेक्षा घावन बरं, गुंडाळी करून जातं, भाजी आत घालता येते.

आदल्या रात्रीचं काम म्हणजे रात्रीच स्वयंपाक करून ठेवणं असं नाही. वरण जरा घट्ट उरव, सकाळी त्यातच कणीक मळ, वर ओवा आणि कोथिंबीर. भाजी नसली तरी चालते. कडधान्य रात्री भिजव, बिरड्याचे वाल दोन दिवस आधी. सोलायला पोरांना बसव, टीव्ही बघत का होईना. भाताची मात्र काळजी घे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात एक विष तयार होतं, ते सकाळी फोडणी देऊन परतलं तरी जात नाही. भात उरला की पसरून गार कर आणि लगेच फ्रिजमध्ये टाक. पावसात आपल्याकडे वीज तासन्‌तास गेली की मग काटकसर विसरायची, तो भात टाकून द्यायचा.

भाजी ऋतू बघून घे. पावसाच्या सुरुवातीला वाडीतल्या पालेभाज्यांना चिखल असतो, तेव्हा दुधी, शिराळं, पडवळ हे वेलावरचं बरं. आणि आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात त्यांच्याकडून टाकळा, कुर्डू, कंटोली घेत जा. मिळतं थोडेच दिवस. शेवळं आणलीस तर काकडं त्याच देतील, त्याशिवाय घसा खाजतो. तो प्रयोग रविवारी करायचा, शाळेच्या दिवशी नाही. श्रावणात म्हावरं बंद झालं की कडधान्यावर जोर दे. थंडीत वालपापडी, कंद, कोनफळ, रताळी आली की एका रविवारी उकडहंडी लाव. एका भांड्यात पाच-सहा भाज्या पोटात जातात आणि कुणी ‘मला ही नको’ म्हणत नाही, कारण ओळखू येत नाही.

गोड हवं असतं, ते मान्य कर. आगाशीकडची सुकेळी घेऊन ठेव, राजेळी केळं उन्हात सुकवलेलं, वर साखर नाही. अर्धं सुकेळं दिलं की पोराची हौस भागते. नाहीतर वेलची केळं, चिकू, उन्हाळ्यात ताडगोळे. बाटलीतलं थंड पेय घरात आणूच नको; तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. आणून ठेवायचं आणि मग ‘पिऊ नका’ ओरडायचं, हे माझ्या लेकाचं काम. त्याला तू सांग, माझं ऐकत नाही.

संध्याकाळी पोरं घरी येतात ती वेळ खरी धोक्याची. तू गाडीत असतेस, वडापावचा वास गल्लीभर असतो. म्हणून ओट्यावर दिसेल असं काहीतरी ठेवून जा. भाजलेले शेंगदाणे-गूळ, उकडलेली रताळी, चुरमुऱ्यात कांदा-टोमॅटो कापून घालायला मी आहेच. साडेआठला सगळ्यांनी एकत्र जेवायचं. तुझी गाडी चुकली तर पोरांना ताटकळत ठेवू नये, त्यांना आधी वाढते मी.

परत आलेल्या डब्यावरून पोराला बोल लावू नको, आधी उघडून बघ. भाजी उरली आणि चपाती संपली तर भाजी तिखट झाली असेल. दोन्ही उरलं तर सुट्टी खेळण्यात गेली. पाणी सुटलेलं दिसलं तर तू गरम गरम भरून झाकण लावलंस. वाफ जाऊ द्यायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात वेणी घालून होते. झाकणातलं रबर रोज काढून घासायचं, आंबूस वास तिथूनच येतो. पावसाळ्यात ते सुकत नाही, म्हणून जादा दोन रबरं स्टेशनजवळच्या भांडीवाल्याकडून घेऊन ठेव, आणि डबा बरोबर ने, आकार चुकतो.