फुंकून पाहायचे यंत्र

नाक्यावर पोलीस गाडी थांबवतात. तोंडापुढे नळी धरतात आणि म्हणतात, "फुंका." यंत्रावर आकडा उमटतो. प्यालेला माणूस तेथेच सापडतो. हे तुम्ही पाहिले असेल.

असेच लहान यंत्र आता बाजारात विकत मिळते. ते खिशात मावते. गाडीला चावी लावण्यापूर्वी आपले आपण फुंकून पाहावे, यासाठी ते असते. दारू पिऊ नये, हे तर खरेच. पण लग्न असते, जत्रा असते. पिणारे पितात आणि मोटारसायकलवर बसून घरी निघतात. मागे बायको असते, पुढे टाकीवर पोर असते. म्हणून हा धडा.

यंत्र वास घेते, असे पुष्कळांना वाटते. म्हणून कोणी बडीशेप खातो, कोणी कांदा चावतो. त्याचा काही उपयोग नाही. दारू पोटातून रक्तात जाते. रक्त फुप्फुसात येते. तेथे रक्तातली थोडी दारू वाफ होऊन श्वासात मिसळते. यंत्र ती वाफ मोजते. चांगल्या यंत्रात प्लॅटिनम धातूचा पातळ थर असतो. त्यावर दारूची वाफ आली की थोडी वीज तयार होते. वाफ जास्त, तर वीज जास्त. त्यावरून रक्तातल्या दारूचा अंदाज निघतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये पोलिसांच्या कामाचे असे यंत्र बनवले. त्यात रसायनाचा रंग किती बदलला ते पाहत.

आपल्या देशात मर्यादा किती? १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम दारू. त्याहून जास्त असेल तर गुन्हा. १०० मिलिलिटर म्हणजे कपभर चहाएवढे रक्त. एका ग्रॅमचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे मिलिग्रॅम. यावरून मर्यादा किती लहान आहे ते ओळखा. रिकाम्या पोटी ६० मिलिलिटरचा एक पेग घेतला, तरी बेताच्या अंगाचा माणूस ती ओलांडू शकतो. बिअरला दारू न मानणारेही आहेत. पण ६५० मिलिलिटरच्या साध्या बिअरच्या बाटलीत त्या पेगापेक्षा जास्त दारू असते!

यंत्र घेतले तर आकडा नीट वाचावा. काही यंत्रे टक्के दाखवतात. त्यांवर ०.०३ दिसले म्हणजे ३० मिलिग्रॅम झाले. शून्याच्या पुढचे बारीक आकडे पाहून फसू नका. परदेशी यंत्राच्या हिरव्या दिव्यावरही जाऊ नका. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मर्यादा ८० आहे. तिकडच्या हिशेबाने लावलेले यंत्र ५० वरही गप्प राहील, आणि आपल्याकडे तो गुन्हा असेल.

फुंकावे केव्हा, हे फार महत्त्वाचे आहे. शेवटचा घोट घेऊन लगेच फुंकले, तर तोंडातली दारूच मोजली जाते आणि आकडा फुगतो. म्हणून पंधरा मिनिटे थांबावे. पण खरा धोका वेगळाच आहे. पोटात उरलेली दारू अजून रक्तात चढत असते. अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ ती चढते. मांडवात यंत्राने २० दाखवले. माणूस खुशीत निघाला. वाटेत घाटापर्यंत त्याचे ४० झाले. यंत्र खोटे बोलले नाही. त्याने फक्त त्या घडीचे सांगितले. शिवाय ३० च्या आतही डोळा आणि हात थोडे मंद होतातच. म्हणून माझे मत असे : यंत्राने "नको" म्हटले तर ऐकावे, "चालेल" म्हटले तर त्याच्या भरवशावर निघू नये.

एका ट्रॅक्टरवाल्याने मला विचारले, "गुरुजी, रात्री प्यालो, झोपून उठलो. आता कुठली आली दारू?"

मी म्हणालो, "बाबा, वजाबाकी कर."

उजव्या बरगडीखाली यकृत असते. ते दारू हळूहळू नाहीशी करते. ताशी साधारण १५ मिलिग्रॅम. कोणाचे कमी, कोणाचे जास्त. समजा, रात्री अकराला रक्तात १५० होते. सकाळी सहापर्यंत सात तास झाले. सात पंधरे एकशे पाच. १५० मधून १०५ गेले, उरले ४५. म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून हा गडी निघाला, तेव्हा तो मर्यादेच्या वरच होता! डोके दुखत नव्हते, चाल सरळ होती, तरीही. नऊ वाजता कुठे शून्य आले असते.

"लिंबू पिऊन, गार पाण्यानं आंघोळ करून?"

"त्यानं झोप उडंल. दारू जात नाही."

सकाळी फुंकून पाहायला हे यंत्र खरे उपयोगी. तेव्हा आकडा चढत नसतो, उतरत असतो.

मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो, कायदा एकच. २०१९ मध्ये तो कडक झाला. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "साहेब, माझ्या यंत्रात २५ आले होते," असे म्हणून सुटका होत नाही. आपले यंत्र घरातल्या काट्यासारखे आहे. वापरून वापरून ते चुकू लागते, म्हणून वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे लागते. अगदी स्वस्त यंत्र तर नवे असतानाही भलतेच आकडे दाखवते.

आता एक हिशेब तुम्ही करा. रात्री दहाला रक्तात १८० मिलिग्रॅम दारू आहे. ताशी १५ कमी होते. ३० वर केव्हा येईल? शून्यावर केव्हा येईल? उत्तर वहीत लिहा आणि शेजाऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहा.