क्रोटनची लागवड व अभिवृद्धि

धान्य, ऊंस व फळझाडें सोडून एका शोभेच्या झुडपावर या मासिकांत लेख कशास, असें कित्येक वाचक विचारतील. हल्लीं तालुक्याच्या गांवींसुद्धां लग्नमंडप, सभा व उत्सव यांच्या सजावटीस फुलांच्या जोडीनें रंगीत पानें लागतात, आणि अशा पानांत क्रोटनचा उपयोग पुष्कळ होतो. शिवाय हें झुडूप बहुतेक बागाईतदारांच्या दारांत आधींच उभें आहे. तें समजून घेण्याचे श्रम मात्र फारसे कोणीं घेत नाहीं. त्यामुळें रोपें विकत घेऊन पैसे गमावणारे बरेच निघतात, आणि त्यांत एकदां आम्हीहि होतों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. ज्यास आपण क्रोटन म्हणतों तें वनस्पतिशास्त्राप्रमाणें क्रोटन नव्हे. लिनियसनें १७५३ सालीं त्यास क्रोटन वंशांत घातलें होतें. पुढें १८२४ सालीं जुसिय या फ्रेंच शास्त्रज्ञानें कोडिएअम हा वंश वेगळा मानिला, व तेव्हांपासून तें त्यांत गणलें जातें. बागवानांनीं जुनेंच नांव चालू ठेविलें. खऱ्या क्रोटन वंशांतील आपल्या परिचयाचें झाड म्हणजे जमालगोटा. त्याच्या बियांचें तेल अति उग्र रेचक असून अल्प मात्रेनेंहि जिवावर बेततें. तेव्हां क्रोटनच्या तेलाविषयीं किंवा बियांविषयीं कोठें कांहीं वाचनांत आल्यास तें दारांतील झुडपास लागू करूं नये. याचा अर्थ दारांतील झुडूप निरुपद्रवी आहे असाहि नाहीं. दोन्हीं एरंडाच्याच कुळांतलीं. आपल्या क्रोटनचा चीक लागल्यास कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतें, कपड्यावर पडलेला डाग जात नाहीं, आणि पाला, साल व मूळ पोटांत गेल्यास विषारी आहेत. छाटलेला पाला गोठ्याकडे टाकणारे गडी आम्हीं पाहिले आहेत. तो खड्ड्यांत पुरावा. शेळ्यांच्या वाटेवर तर टाकूंच नये.

या वंशांत पंधरा-वीस जाति आहेत, पण बागेंतील शेंकडों प्रकार एकाच जातीचे. तिचें मूळस्थान मलाया, मोलुक्का बेटें, न्यू गिनी व पॅसिफिक महासागराच्या पश्चिमेकडील बेटें. अंबोइना येथें डच कंपनीच्या चाकरींत असलेल्या रुंफियस नांवाच्या जर्मन गृहस्थानें तिचें वर्णन सतराव्या शतकांतच लिहून ठेविलें होतें. १६७० सालीं त्याची दृष्टि गेली, तरी काम थांबलें नाहीं. तो १७०२ सालीं वारला आणि ग्रंथ छापून निघूं लागला १७४१ सालीं. कोडिएअम हें नांव त्याच बेटांतील लोकांच्या बोलींतून आलेलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्हीच या इंग्रज रोपवाटिकावाल्यांच्या घराण्यांतील जॉन गूल्ड व्हीच यानें १८६४ ते १८६६ या काळांत दक्षिण समुद्रांतील बेटें फिरून अनेक प्रकार नेले, आणि विलायतेंत कांचघरांतून हें झुडूप ठेवण्याची मोठी हौस सुरू झाली. आपल्याकडे कांचघर लागत नाहीं. परंतु मूळ घर कोणतें हें लक्षांत ठेवावें: दमट हवा, पाऊस भरपूर, थंडी मुळींच नाहीं. कोंकणांत क्रोटन आपोआप कां माजतें आणि निफाडकडच्या थंडींत पानें कां टाकितें, याचें उत्तर त्यांतच आहे.

आतां मुख्य विषय, रंगाचा. पानांत हिरव्या द्रव्याशिवाय पिवळीं-नारिंगी व तांबडीं-जांभळीं द्रव्यें असतात. बऱ्याच प्रकारांत कोंवळें पान हिरवें-पिवळें निघतें व जून होतांना तांबडें होत जातें. म्हणून एकाच फांदीवर तीन-चार रंग दिसतात. हे रंग चढण्यास उजेड भरपूर पाहिजे. सावलींत झाड मरत नाहीं, पण हिरवें द्रव्य वाढून बाकीचे रंग झांकतें, आणि शेवटीं मालकास वाटतें कीं आपणांस खोटी जात मिळाली.

आमची फजिती अशीच झाली. एका वर्षीं चैत्रांत आम्हीं एका रोपवाटिकेंतून साठ रोपें आणिलीं. तीं तेथें दाट जाळीखालीं वाढलेलीं होतीं. त्यांतील चाळीस दुसऱ्याच दिवशीं मळ्याच्या उघड्या बांधावर लाविलीं. आठवड्यांत पानें करपलीं, आणि पंधरवड्यांत बांधावर नुसत्या काठ्या उभ्या राहिल्या. घाबरून उरलेलीं वीस आंब्याखालीं नेलीं. तीं जगलीं, परंतु दिवाळीपर्यंत करंजाच्या पाल्यासारखीं हिरवीं झालीं. विकणाऱ्यास आम्हीं मनांतून बरेच शब्द दिले होते. मात्र मृगाचा पाऊस पडल्यावर बांधावरील काठ्यांपैकीं निम्म्याहून अधिक काठ्यांस डोळे फुटले, आणि तीं नवीं पानें पुढील वैशाखांतल्या उन्हांतहि करपलीं नाहींत. रंग तर असा आला कीं रस्त्यानें जाणारे थांबत. पान ज्या उजेडांत घडतें त्या उजेडाचें तें होतें. सावलींत घडलेलें पान उन्हांत टिकत नाहीं. म्हणून रोपें आणल्यावर तीं महिनाभर हळूहळू उन्हास संवयीचीं करावीं, व लागवड पावसाळ्याच्या आरंभीं करावी. विकणाऱ्याचा त्यांत दोष नव्हता.

दुसरी चूक बियांची. क्रोटनला लहान फुलांचे लांब तुरे येतात, नरफुलें व मादीफुलें वेगवेगळ्या तुऱ्यांवर, आणि कधीं कधीं बी धरतें. त्या बियांचीं रोपें आईसारखीं निघत नाहींत. नवीन प्रकार शोधणाऱ्यास तें ठीक आहे, पण मंडपवाल्यास एकसारखीं पानें पुरविणाऱ्यास तें निरुपयोगी. त्याकरितां गुटी किंवा फांटे हेच मार्ग.

गुटी आम्हांस अधिक पसंत आहे, कारण ती सहसा फुकट जात नाहीं. ज्येष्ठ-आषाढांत पेन्सिलीहून थोडी जाड, निरोगी व उत्तम रंगाची फांदी निवडावी. शेंड्यापासून वीतभर खालीं इंचभर रुंदीची साल गोल काढावी व आंतील निसरडा थर चाकूनें खरवडावा. तो राहिल्यास साल पुन्हां जुळते आणि मूळ फुटत नाहीं. चीक पुसून घ्यावा. भिजवून घट्ट पिळलेलें शेवाळ मुठीएवढें त्यावर लपेटून प्लॅस्टिकच्या कागदानें झांकावें, व दोन्हीं टोंकें सुतळीनें घट्ट आंवळावीं. पांच-सहा आठवड्यांत कागदांतून पांढरीं मुळें दिसूं लागतात. मग खालून कापून पिशवींत लावावें, मोठीं पानें अर्धीं छाटावीं, व रोप तीन आठवडे सावलींत ठेवावें. फांटे लावणें असल्यास वीतभर लांबीचे घेऊन कापलेलें टोंक आधीं पाण्यांत बुडवावें, म्हणजे चीक थांबतो. फांट्यांस दमट हवा लागते. कोरड्या देशावर पावसाळ्याबाहेर हा खटाटोप करूं नये.

झुडूप न्याहाळण्याची संवय ठेवावी. कधीं एखादी फांदी निराळ्याच रंगाची निघते. ती चांगली असेल तर तिचीच गुटी बांधावी. अनेक प्रकार असेच जन्मले आहेत. उलट रंगीत झाडावर निव्वळ हिरवा जोमदार धुमारा आला तर तो ताबडतोब काढावा, नाहींतर तो बाकीच्यांस दाबून टाकितो.

जमीन निचऱ्याची हवी. चिकण काळ्या जमिनींत पाणी तुंबून मुळें कुजतात, तेथें उंच वरंब्यावर लावावें. कोरड्या हवेंत पानाखालीं कोळी व कांड्यांवर पिठ्या ढेंकूण होतात. पानांच्या खालून जोरानें पाणी मारल्यास पुष्कळ कमी होतात, आणि फार ग्रासलेली फांदी कापून जाळावी.

पैशाच्या बाबतींत आमचें मत सावध आहे. धान्याचें शेत मोडून क्रोटन लावण्याचा सल्ला आम्ही कोणासहि देणार नाहीं. पाणी असलेल्या मळ्याच्या बांधावर तीन-तीन फुटांवर एक ओळ, तीहि जवळच्या शहरांतील फुलवाल्यास कोणता रंग व केवढें पान लागतें हें विचारून मगच, एवढेंच योग्य. आधीं दहा आईझाडें घ्यावीं, त्यांवर गुट्या बांधून वाढवावीं. साठ रोपें एकदम विकत घेऊं नयेत. पानें सकाळीं लवकर, जून झालेलीं पाहून, कांड्यासह कापावीं व लगेच पाण्यांत ठेवावीं. तीं आठवड्याहून अधिक ताजीं राहतात. कित्येकदां त्याच पाण्यांत कांड्यांस मुळेंहि फुटतात, आणि गिऱ्हाईक तीं फेकून न देतां आपल्या कुंडींत लावितें.