मुलीच्या हाती लेखणी

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांच्या आणि विड्या वळणाऱ्या भगिनींच्या वस्त्यांमध्ये पेढे वाटले जातात. आणि कित्येक घरांत आठवड्याभरातच मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न कायमचा मिटविला जातो. कॉलेज लांब आहे, सोबत कोणी नाही, फी परवडत नाही, स्थळ चांगले आले आहे. यांतील गरिबीचे कारण खरे आहे; त्याची कोणी थट्टा करू नये. परंतु या कारणांवर दीनचा शिक्का मारला जातो, तेव्हा विचारावेसे वाटते, हा हुकूम आला कोठून?

दिव्य कुरआनच्या अवतरणाचा आरंभच वाचनाच्या आज्ञेने झाला, आणि लगेच लेखणीचा उल्लेख आला. ज्ञानप्राप्ती प्रत्येक मुस्लिमावर फर्ज असल्याची हदीस इब्ने माजामध्ये आहे. बुखारी शरीफमधील प्रसंग तर अधिक बोलका आहे. मदीनेतील स्त्रियांनी आदरणीय पैगंबर (स.) यांच्याकडे तक्रार केली, की आपला सारा वेळ पुरुषच घेतात, आमच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. पैगंबरांनी (स.) त्यांना दिवस ठरवून दिला. मागणी स्त्रियांची होती आणि ती मान्य झाली, हे ध्यानात घ्यावे. माता हफ्सा (रजि.) यांना शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांनी लिहिणे शिकविले होते. पैगंबरांनी (स.) त्याचा उल्लेख पसंतीने केला आणि शिफांना आणखी शिकविण्यास सांगितले, असे अबू दाऊदमध्ये आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. जोतीरावांचे शिक्षण बंद पडले असता त्यांच्या वडिलांचे मन वळविणाऱ्यांत गफार बेग मुन्शी होते. पुढे मुलींची शाळा काढली म्हणून फुले दांपत्याला घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला, आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबत शाळेच्या कामाला लागल्या. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमावर भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यात आहे. या तरुण शिक्षिकेविषयी लिहिलेले फार थोडे उरले, यात आपली बेफिकिरीही आहे.

स्वातच्या खोऱ्यात ९ ऑक्टोबर २०१२ रोजी पंधरा वर्षांच्या मलाला यूसुफजईवर शाळेतून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्यांनी नाव धर्माचे घेतले. २०१४ साली सतराव्या वर्षी तिला शांततेचे नोबेल मिळाले. आपल्या गल्लीत बंदूक नाही. येथे मुलीची वही नुसती माळ्यावर जाते.

शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच साथ देतो. पुढचा निर्णय आई-वडिलांचा. अंतराची अडचण असेल तर गल्लीतील चार मुलींनी एकत्र जावे. मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनी एवढी व्यवस्था करणे कठीण नाही. फीविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०२४-२५ पासून राज्य शासनाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. बागवान, अत्तार, मोमीन अशा आपल्या अनेक जमाती ओबीसी यादीत आहेत. मात्र दाखला हातात हवा, आणि तो काढण्यास वेळ लागतो. मुलगी दहावीत असतानाच अर्ज करावा.