धुऱ्यावरची औषधी : आधी ओळखा, मगच तोडा



आपल्या दर्यापूर तालुक्यात मेळघाटासारखं जंगल नाही. पण वावराच्या धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला, नाल्याकाठी आणि गावातल्या कडुनिंबावर औषधी वनस्पती भरपूर आहेत. निंदताना आपण त्या उपटून फेकतो. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी अशीच गुळवेल गोळा करायला सुरुवात केली. पुढं त्यांच्या वनधन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटीच्या वरची मागणी मिळाली. म्हणजे या कामात पैसा आहे. पण त्याआधी एक गोष्ट पक्की पाहिजे, ती म्हणजे ओळख. आजच्या पाठात तीन वनस्पती पाहू. तिघींच्याही सारख्या दिसणाऱ्या बहिणी आहेत, आणि चूक तिथंच होते.

१. तरोटा आणि कासविंदा

तरोट्याची कोवळी भाजी पहिल्या पावसात आपण खातोच. दिवाळीच्या आसपास त्याच्या शेंगा वाळतात आणि बिया विकल्या जातात. त्याच्याच शेजारी कासविंदा उगवतो. फुलं दोघांचीही पिवळी.

तरोटा : एका देठावर पानांच्या तीन जोड्या. पान पुढं रुंद, टोक गोल. शेंग लांब आणि बारीक.
कासविंदा : पानांच्या चार-पाच जोड्या, टोक अणकुचीदार. शेंग चपटी आणि रुंद. पान चुरगळलं की उग्र वास.

हा फरक लेकरांसाठी फार महत्त्वाचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावत होती. मेंदूज्वर असेल असं सगळ्यांना वाटायचं. 2007 च्या सुमारास डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. म्हणून अंगणवाडीजवळ, घरामागं कासविंदा दिसला तर शेंगा धरायच्या आधीच उपटा. तरोट्याच्या बियांत त्याची एकही शेंग मिसळू देऊ नका.

२. गुळवेल

पान हृदयाच्या आकाराचं. खोडावरची साल कागदासारखी पातळ. ती नखानं खरवडली की आत हिरवं दिसतं. वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. आडवा काप घेतला की बैलगाडीच्या चाकासारख्या रेषा दिसतात. फळं गोल, लाल, घोसानं येतात.

तिच्यासारखीच दुसरी एक वेल आहे. तिच्या खोडावर उठून दिसणाऱ्या गाठी असतात, रंग राखाडी असतो आणि कापल्यावर दुधासारखा चीक येतो. फळ लांबट, नारिंगी असतं. ती घेऊ नका. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर आयुष मंत्रालयानं सांगितलं, की रुग्णांनी घेतलेली वेल नेमकी कोणती, हे आधी तपासायला हवं होतं.

तोडताना अंगठ्याएवढं जाड खोड घ्या. जमिनीपासून दीड-दोन फूट वेल राखा, ती परत फुटते.

३. पुनर्नवा

हिला कुणी घेटुळी म्हणतं, कुणी खापरा. गंमत अशी, की खापरा हे नाव दुसऱ्याही एका तणाला आहे. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

पुनर्नवा : जमिनीवर पसरते, देठ बारीक आणि लालसर. समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं, एक लहान. फुलं बारीक, गुलाबी, लांब दांडीच्या टोकाला. बिया लुगड्याला चिकटतात.
दुसरा खापरा : देठ आणि पानं मांसल. फूल पानाच्या बगलेतच बसलेलं, त्याला दांडी नसते.

पुनर्नव्याचं मूळ विकलं जातं. सगळी झाडं उपटली तर पुढच्या वर्षी काय? चारातलं एक झाड घ्या, तीन राहू द्या.

कुठून तोडायचं नाही

- फवारणी झालेल्या कपाशी-तुरीच्या धुऱ्यावरून. तणनाशक मारलेल्या जागेवरून तर नाहीच. आधी वावराच्या मालकाला विचारा.
- रस्त्याची धूळ आणि गटाराचं पाणी लागतं तिथून.
- वनविभागाच्या हद्दीतून, परवानगीशिवाय.

वाळवणं आणि विक्री

माती झटका, मूळ असेल तर धुऊन घ्या. गुळवेलीचे बोटाएवढे तुकडे करा. सावलीत, खाटेवर किंवा स्वच्छ कापडावर पातळ पसरा. तुकडा कटकन मोडला म्हणजे वाळला. ओलसर माल पोत्यात भरला की बुरशी येते आणि व्यापारी अख्खं पोतं परत करतो. पोत्यावर नाव, गाव आणि तोडल्याची तारीख लिहा. आणि आधी भाव विचारा, मग गोळा करा. एकटीदुकटीनं पाच किलो विकण्यापेक्षा चार गटांचा माल ग्रामसंघातून एकत्र गेला तर भाव बोलता येतो.

घरी औषध म्हणून?

ओळख शिकलो म्हणजे आपण वैद्य झालो नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मूल, आणि साखर-बीपीच्या गोळ्या चालू असलेलं माणूस यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा देऊ नका.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीनं तरोट्याची एक फांदी पान-शेंगेसकट आणावी. कासविंदा सापडला तर तोही वेगळ्या पिशवीत आणा आणि नंतर हात धुवा. गावातल्या जाणत्या आजीला बैठकीला बोलवा. दोन्ही फांद्या सतरंजीवर ठेवा आणि नाव न सांगता ओळखायला लावा. तीन खुणा जुळल्या तरच "हो" म्हणायचं. दोन जुळल्या आणि तिसरीची शंका आली, तर ती फांदी बाजूला ठेवायची. हीच सवय पुढं वावरातही कामी येईल.