चेतकच्या सायलेन्सरमधली काजळी

पुण्यात बुधवार पेठेतल्या आमच्या वाड्यात वडिलांची बजाज चेतक स्कूटर अजून चालते. आकुर्डीत बनलेली, टू-स्ट्रोक. तिचा सायलेन्सर मी घरीच साफ करतो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

१. सायलेन्सर चोक झालाय हे पेठेत कळत नाही. अप्पा बळवंत चौकापासून जोगेश्वरीपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर जायला मिळतं कुठे? कळतं ते कात्रजच्या चढाला. मूठ पूर्ण पिळली तरी गाडी ओढत नाही, इंजिन तापतं. आणि काजळी धरते तीही याच गल्लीबोळांत. थांबत थांबत चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही, अर्धवट जळलेलं ऑइल आत थर धरून बसतं.

२. ऑइल मापानेच घाला, लिटरला २० मिली. वडील 'इंजिनाला बरं' म्हणून अंदाजाने जास्तच ओतायचे. पहिल्यांदा सायलेन्सर उतरवला तेव्हा नळीत जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट उरली होती. काजळी वरून टणक, नखाने उकरली की आत डांबरासारखी चिकट. अशी ओली काजळी दिसली की ऑइल जास्त पडतंय हे नक्की.

३. काजळी सुटावी म्हणून सायलेन्सर कॉस्टिकच्या पाण्यात भिजवायचा. त्यासाठी कॉस्टिक सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. मी एकदा ओतलं. ते फसकन उसळलं आणि थेंब मनगटावर उडाला. डाग अजून आहे. आता रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा असल्याशिवाय, वाड्यातली पोरं घरात गेल्याशिवाय मी डबा उघडत नाही. सायलेन्सर लोखंडी, त्यामुळे तो रात्रभर या पाण्यात राहिला तरी चालतं. फक्त बाहेरचा रंग निघतो. पण जर्मनचं भांडं वापराल तर कॉस्टिक ते खाऊन टाकेल, वर हायड्रोजन सुटेल. इंजिनाचं हेडही अ‍ॅल्युमिनियमचंच, तिथे हे पाणी लागता कामा नये.

४. इंजिनाचं एक्झॉस्ट पोर्ट लाकडी काडीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरने पिस्टनवर ओरखडे उठतात.

५. भिजवलेला सायलेन्सर भरपूर पाण्याने धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, मगच बसवा.

६. हे सगळं जुन्या टू-स्ट्रोकपुरतंच. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यात कॉस्टिक घालू नका, तो जाळूनही साफ करू नका. कन्व्हर्टर गेला की अख्खा सायलेन्सर बदलावा लागतो.