महालक्ष्म्या बसायच्या आधी

धामणगाव रेल्वे
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मनूस,


पोळ्याच्या दिवशी फोन केला तर "मावशी, घरात गर्दी आहे, मग बोलते" म्हणून तू ठेवून दिलास. मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज येत होता. मला जे बोलायचं आहे ते त्यांच्या कानावर जायला नको, म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाच.

आमची पुतणी, तुमच्याच कॉलनीतली, पोळ्याला आली होती. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल सजवता सजवता तिच्या तोंडून निघून गेलं. मनूताईने महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवल्यात म्हणे. गेल्या वर्षीही घेतल्या होत्या, आणि विसर्जनाच्या रात्री जिन्याच्या पायरीवर पाय धरून बसली होती. मी विचारलं, "कोणता पाय वं?" ते तिला सांगता आलं नाही. तेव्हापासून मला धड झोप नाही. तिच्यावर राग धरू नकोस. हे पत्र तिच्याच हाती देते आहे, म्हणजे माझ्या लेखी ती अजून भरवशाचीच.

मनू, तुझ्या आईचा डावा पाय विसरलीस का? तू तेव्हा अमरावतीला कॉलेजात होतीस. पोटरी सुजली, लाल झाली, हात लावला तर गरम. आम्ही सगळ्या शहाण्या बायका तिळाचं तेल घेऊन चोळायला बसलो. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, चोळू नका, रक्ताची गुठळी आहे, सुटून फुप्फुसात गेली तर जिवाला धोका. मग कित्येक महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, घडोघडी तपासण्या. त्याच डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं, "घरात आणखी कोणाला असा त्रास?" तेव्हा आम्ही नाही म्हणालो. आता हाच प्रश्न तुला कोणी विचारला तर तुझं उत्तर हो असेल. आणि तुला तर अर्धशिशीही आहे. डोकं चढायच्या आधी डोळ्यांपुढे चकाकतं, हे लहानपणी तूच मला सांगायचीस.

त्या गोळ्या साध्या डोकेदुखीच्या गोळ्या नव्हेत, हार्मोनच्या आहेत. खूप बायका घेतात आणि त्यांना काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या घरात गुठळीचा इतिहास आहे, ज्यांना असली अर्धशिशी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हातही लावू नये. तू विचारलंस का? नाही. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही आणि तू दिली नाहीस. बँकेत बसून लोकांच्या कर्जाचे कागद उलटेसुलटे करून तपासतेस, जामीनदार कोण म्हणून दहादा विचारतेस, आणि पोटात घालायच्या गोळीच्या पाकिटातला कागद उलगडून वाचला नाहीस! एवढी शिकवली ती कशाला?

बरं, कोणासाठी हे? देवीसाठी म्हणशील. माझ्या सासूबाईंच्या काळी गोळ्या नव्हत्या, म्हणून महालक्ष्म्या बसायच्या राहिल्या का? आमच्या दत्तापूरच्या घरी एका वर्षी ऐन पूजनाच्या सकाळी मोठ्या जाऊबाई बाजूला बसल्या. सासूबाईंनी कपाळाला हात लावला नाही. मागच्या गल्लीतल्या चुलत जावेला बोलावणं गेलं, तिने ज्येष्ठा-कनिष्ठेला साड्या नेसवल्या, नैवेद्य दाखवला, संध्याकाळच्या आरतीपर्यंत कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. सुतक पडलं त्या वर्षीही वाट निघाली. विटाळ मी मानत नाही हे तुला माहीत आहे, त्यावर आता वाद घालत नाही. पण मानणाऱ्यांच्या घरातही एकीचं अडलं की दुसरी उभी राहायची. आता पाच रुपयांची गोळी मिळते, तर दुसरीला हाक मारायचीच गरज उरली नाही असं सगळ्यांना वाटायला लागलं.

तुझ्या धाकट्या जाऊबाई आहेत की. त्यांना बसू दे पूजेला. मान त्यांच्याकडे जाईल, सासूबाई वर्षभर ऐकवतील, हे तुझ्या मनात आहे ना? जाऊ दे मान. तुझे काका गेल्यापासून मला इथे मुखवट्यांना हात लावू देत नाहीत, माहीत आहे तुला. सोळा भाज्या चिरायला मात्र पहिली हाक मलाच असते. मी चिरते. मुखवटे लांबून बघते. अमरावतीहून आणलेले ते जुनेच मुखवटे आहेत, नथीजवळचा रंग थोडा उडालाय, तरी लांबून फार सुरेख दिसतात.

यंदा आवाहन ३१ तारखेला आहे, रविवारी. ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. अनुराधा नक्षत्र दिवेलागणीच्या आधीच संपतं, म्हणून दुपारीच आणून घ्या, रात्रीची धावपळ नको. पूजन सोमवारी १ सप्टेंबरला, ज्येष्ठा नक्षत्रावर. महिन्याचा पहिला दिवस, बँकेत गर्दी असणार. तू त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकशील, पहाटे चारला उठून पुरण घोटशील आणि अकराला काउंटरवर जाऊन बसशील. मी ओळखते तुला. तसं करू नकोस. सोमवार-मंगळवार पूर्ण रजा टाक. मिळत नसेल तर स्वयंपाक कमी कर, झोप कमी करू नकोस.

कामाचं सांगते. फुलोऱ्याचं आजपासूनच सुरू कर. करंज्या, सांजोऱ्या, पापड्या, वेणी-फणी आठ दिवस सहज टिकतात. तळून पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नको, नाहीतर वाफेने मऊ पडतात आणि मग दोऱ्यात ओवताना तुटतात. साड्यांच्या निऱ्या शनिवारीच घालून, पिना लावून, इस्त्री करून ठेव. लोखंडी स्टँडवर उभ्या करायला मग अर्धा तास पुरतो. सोळा भाज्यांसाठी सोळा पिशव्या घेऊन हिंडत बसू नकोस. कोहळं, दोडकं, गवार, भेंडी, चवळीच्या शेंगा, आलू, वांगी हे सगळं शनिवारच्या बाजारात मिळतं. पालेभाज्या निवडून, धुऊन, कोरड्या करून सुती कपड्यात गुंडाळून ठेवायच्या. अंबाडी तेवढी ताजी आण. चिरायचं काम रविवारी रात्री टीव्हीपुढे बसून सगळ्यांनी करायचं. सगळ्यांनी म्हणजे पुरुषांनीही. जावईबापूंना विळी जमत नसेल तर चाकू द्या, कोहळं काही चावत नाही.

आंबिलीला ज्वारीचं पीठ रात्रीच ताकात कालवून ठेव, सकाळी फक्त शिजवायचं. चण्याची डाळही रविवारी संध्याकाळीच शिजवून, पाणी नीट निथळून, पुरण घोटून टाक. सराटा पुरणात उभा राहिला की झालं. गार करून फ्रीजमध्ये ठेव. सोवळ्यात पुरण त्याच दिवशीचं लागतं असं सासूबाई म्हणतील. त्यांना म्हण, धामणगावच्या मावशी आदल्या दिवशी करतात आणि त्यांच्या महालक्ष्म्या अजून रुसल्या नाहीत. (मी खरंच करते. इथेही कोणाला सांगितलेलं नाही.) पोळ्या लाटायला एक बाई लाव, तिचे पैसे मी देईन, भाऊबीजेची ओवाळणी समज. सिलिंडर आत्ताच दुसरा भरून ठेव. पंगतीला मागच्या वेळी संख्या वाढत वाढत रात्री दहापर्यंत गेली, असं ऐकलं. यंदा संध्याकाळची पंगत घरच्यांची आणि जवळच्यांचीच ठेवा, बाकीच्यांना हळदीकुंकवाला बोलवा आणि प्रसादाच्या वाटीवर भागवा. रागावले तर रागावू देत.

आणि खाऊन घे. सगळ्यांत महत्त्वाचं हेच. नैवेद्य होईपर्यंत उपाशी, मग पंगत वाढेपर्यंत उपाशी, मग चार वाजता गार पोळी. पाणीही पोटात नाही, आणि दिवसभर ओट्याशी उभी. ज्या बाईच्या पायाला धोका आहे तिने हेच टाळायचं असतं. सकाळी दूध-केळं खा, दर तासाला थोडं चाल, पाणी पीत राहा. कोणी काही म्हटलं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हण. खोटंही ठरणार नाही, कारण तू डॉक्टरांकडे जाणार आहेसच. उद्याच जा. गेल्या वर्षीच्या पायाचं सांग, आईचं सांग, अर्धशिशीचं सांग, गोळ्यांचं पाकीट दाखव. आणि एका पायाला सूज आली, पोटरी दुखली, दम लागला, छातीत कळ आली तर आरती चालू असेल तरी सर्वोपचार रुग्णालयात जायचं. विसर्जन होऊ दे, मग बघू, असं म्हणायचं नाही. कळलं?

रागावले. रागावायचं ठरवलं नव्हतं.

तुला एक सांगितलेलं नाही. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. इथल्याच एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली, मुलाखतीचं पत्र आलं. तारीख नेमकी पूजनाची. मी ते पत्र पुरणाच्या डाळीच्या डब्याखाली ठेवलं आणि चुलीपुढे बसले. मला कोणी थांबवलं नव्हतं, मनू. यांनी तर नंतर विचारलंही, सांगितलं का नाहीस म्हणून. सासूबाई कदाचित हो म्हणाल्या असत्या. मीच मनाशी धरलं की माझ्यावाचून हे घर आज चालणार नाही. चाललं असतं. नंतर इतकी वर्षं बायकांच्या पंगती उठताना मी बघते आहे, त्यात मला कुठलीच बाई अशी दिसली नाही जिच्यावाचून महालक्ष्म्या अडल्या. तुझी आईही नाही. दवाखान्यात होती त्या वर्षी तिच्या महालक्ष्म्या तुझ्या काकूने बसवल्या. छान बसवल्या. फक्त घरात तुझी आई नव्हती, आणि तू त्या रात्री माझ्या कुशीत झोपून रडलीस. पुरणपोळीला तू हात लावला नाहीस. आठवतं का?

मला ते आठवतं, म्हणून एवढं लिहिलं.

तू उत्तर नको लिहू, वेळ कुठे मिळणार. डॉक्टरांकडून आल्यावर एक मिसकॉल दे, मी समजेन. दोन दिले तर तुझ्या आईला घेऊन पहिल्या गाडीने येते. तशी ती निघायला तयारच बसली आहे. मी तिला पायाचं सांगितलेलं नाही, पण पिशवी भरताना तिने स्वतःची औषधं दोनदा मोजली, त्यावरून मला वाटतं तिला कुणकुण आहे.

७ सप्टेंबरला भाद्रपदी पौर्णिमा, भुलाबाई बसणार. त्या रात्री चंद्रग्रहण आहे, म्हणून शनिवारीच पोरीला घेऊन इकडे निघून ये. मग ग्रहणात प्रवास कशाला, म्हणायला कोणाला जागाच राहणार नाही. चार दिवस राहा. स्वयंपाकघरात तुला पाऊल ठेवू देणार नाही. पाय उशीवर ठेवून पडून राहा, पोरगी भुलाबाईचा खाऊ ओळखत बसेल, आणि तुझ्या केसांना मी तेल लावून देईन. पायांना नाही हं.

तुझीच,
मावशी

ता. क. पुतणीच्या हाती करंज्यांचा डबा दिला आहे, फुलोऱ्याला पुरतील एवढ्या. तुझ्या हातच्या म्हणून लाव, मी काही बोलणार नाही. खाली वेगळ्या कागदात गुंडाळलेल्या पाच आहेत, त्या तुला. आज रात्रीच खा, नैवेद्याची वाट बघू नको.